ब्लॉकचेनच्या नोडशी थेट संवाद

सन २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रांच्या नोंदी 'पॉलिगॉन' या ब्लॉकचेनवर ठेवण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. ब्लॉकचेन म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या नोंदगटांची साखळी. तिची प्रत जपणाऱ्या संगणकास 'नोड' म्हणतात. अशा नोंदीची पडताळणी सामान्यतः एखाद्या संकेतस्थळामार्फत केली जाते. म्हणजे विश्वास पुन्हा मध्यस्थावरच ठेवावा लागतो. आपल्या स्वतःच्या नोडला थेट प्रश्न विचारता आला, तर ही उणीव दूर होते. 'कन्सोल' हे त्याचेच साधन होय.

३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या 'इथेरियम' साखळीसाठी 'गेथ' ही संगणकप्रणाली वापरतात. पॉलिगॉनची 'बोर' प्रणाली तिच्यावरूनच तयार करण्यात आली आहे. नोड चालू असलेल्या संगणकावर 'गेथ अटॅच' ही आज्ञा रोमन लिपीत टंकित केली असता कन्सोल उघडतो. त्यानंतर एकेक प्रश्न लिहावा आणि त्याचे उत्तर लगेच वाचावे, असा हा क्रम असतो.

आरंभी तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरते. 'नेट डॉट पिअरकाउंट' याने आपला नोड इतर किती नोडांशी जोडलेला आहे, हे कळते. 'इथ डॉट सिंकिंग' याचे उत्तर 'फॉल्स' आल्यास प्रत अद्ययावत झाली, असा समज होतो. परंतु प्रत उतरवून घेण्यास आरंभच झाला नसेल, तरीही हेच उत्तर मिळते! म्हणून तिसऱ्या प्रश्नाने शेवटच्या नोंदगटाची वेळ पाहावी. इथेरियमवर साधारणतः दर १२ सेकंदांनी नवा गट जोडला जातो. तेव्हा ती वेळ घड्याळाच्या जवळपास असली पाहिजे. तिन्ही उत्तरे जुळल्यावरच पुढील पडताळणी विश्वसनीय मानावी.

सुरक्षिततेकडेही लक्ष हवे. नोडचे ८५४५ हे द्वार चालू केले, तरी मूलतः ते त्याच संगणकापुरते मर्यादित असते. योग्य बंदोबस्ताविना ते बाहेरच्या जगास खुले करणे म्हणजे दप्तरखान्याच्या किल्ल्या दारात टांगून ठेवण्यासारखे आहे.

अखेरीस एक मर्यादा ध्यानी घ्यावयास हवी. नोंद झाल्यानंतर दस्तऐवजात फेरफार झालेला नाही, एवढेच साखळी सांगते. मूळ दाखला खरा होता किंवा नाही, हे कोणताही कन्सोल सांगू शकत नाही. ती जबाबदारी कागदपत्रे तपासून स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्याचीच राहते.