देहाचे खरे माप

पालघर जिल्ह्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे आणि पूर्वेस सह्याद्रीच्या रांगा आहेत. पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. सातपाटीच्या किनाऱ्यावर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन झपझप चालणारी कोळीण, जव्हार-मोखाड्याच्या उतारावर भर पावसात भाताची लावणी करणारी आदिवासी स्त्री, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी कामगार स्त्री, अशा अनेक कष्टाळू स्त्रिया येथे आहेत. त्यांच्या देहाची ठेवण एकसारखी नाही. कोणी उंच आहे, कोणी ठेंगणी. कोणी सडपातळ आहे, कोणी अंगाने भरलेली. परंतु प्रत्येकीचा देह आपापले काम उत्तम रीतीने करतो.

याच जिल्ह्यातील वारली लोकांची चित्रकला आज जगभर प्रसिद्ध आहे. लग्नाच्या वेळी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचा मान परंपरेने सुवासिनींचा असे. पुढे डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर व कापडावर आणली. २०११ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. वारली चित्रातील माणूस म्हणजे टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण. त्यांत कोणी सुंदर नाही आणि कोणी कुरूपही नाही. एक स्त्री पाणी आणते, दुसरी धान्य कांडते, तिसरी तारप्याच्या सुरावर फेर धरते. ती दिसते कशी, हे चित्रकार सांगत नाही. ती करते काय, हेच तो सांगतो.

आता दुसऱ्या प्रकारची चित्रे घरोघरी आली आहेत. ती मोबाइल फोनच्या काचेवर उमटतात. त्यांत व्यायाम करणाऱ्या स्त्रिया दिसतात. त्यांची कंबर बारीक असते, त्वचा नितळ असते. खाली लिहिलेले असते, ‘तीस दिवसांत तुम्हीही अशा व्हा.’ व्यायामाची आवड लागणे ही चांगलीच गोष्ट आहे. पूर्वी मुलींनी धावणे किंवा वजन उचलणे अनेकांना रुचत नसे. आज त्या ही कौशल्ये फोनवर पाहून शिकू शकतात. परंतु या चित्रांची दुसरी बाजूही जाणली पाहिजे.

असे चित्र पुष्कळदा शंभरांतून निवडलेले असते. उजेड, उभे राहण्याची ढब आणि कॅमेऱ्याचा कोन यांनी देह निराळा भासतो. शिवाय, बोटाच्या एका स्पर्शाने कंबर बारीक करता येते व चेहऱ्यावरील डाग पुसता येतात. चित्रामागे अनेकदा विक्रेताही उभा असतो. त्याला भुकटी, गोळ्या किंवा चहा विकायचा असतो आणि ज्याला स्वतःत उणे दिसते, तोच गिऱ्हाईक होतो. ज्या चित्रावर नजर अधिक वेळ रेंगाळते, तशीच चित्रे यंत्र पुन्हा पुन्हा पुढे मांडते. मग पाहणाऱ्या मुलीला वाटू लागते की, सारे जग असेच आहे आणि आपण तेवढ्या वेगळ्या आहोत.

इन्स्टाग्राम चालविणाऱ्या कंपनीने केलेल्या पाहणीची माहिती २०२१ साली उघड झाली. आपल्या शरीराविषयी वाईट वाटते, असे सांगणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी सुमारे एकतृतीयांश मुलींनी, इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते, असे त्या पाहणीत सांगितले होते. नॉर्वे देशाने तर याविषयी कायदाच केला. जाहिरातीतील चित्रात देहाचा आकार किंवा त्वचा बदलली असेल, तर तसे चित्रावर स्पष्ट लिहावे, असा नियम तेथे जुलै २०२२ पासून लागू झाला.

अशा चित्रांच्या नादाने एखादी मुलगी सकाळची भाकरी टाळते, दुपारचा डबा तसाच परत नेते. घरच्यांना ती सांगते, ‘मला भूक नाही.’ थोड्याच दिवसांत तिला चक्कर येऊ लागते आणि वर्गात तिचे लक्ष लागेनासे होते. तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ सालापासून वीज निर्माण होत आहे. पण इंधनावाचून तेथील यंत्रही चालणार नाही. मग वाढत्या वयाचा देह अन्नावाचून कसा चालेल? अकरा ते तेरा या वयात उंची वाढते, अंग भरते, देहाचा आकार बदलतो. हा दोष नव्हे, तो निसर्गक्रम आहे. आपल्या देशात रक्तक्षय आधीच फार आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना तो असल्याचे आढळले. अशा देशात मुलींनी उपाशी राहून बारीक होणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण देणेच होय.

मग योग्य मार्ग कोणता? मुलामुलींनी रोज किमान एक तास खेळावे, धावावे, अंग हालवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या सल्ल्यानुसार, शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या घेणे टाळावे. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडी, मासळी, शेंगदाणे हे अन्नच देहाला बळ देते.

पालघरला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यात सावरपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. तेथील कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावली आणि तिने कांस्यपदक मिळविले. त्या दिवशी तिच्या कमरेचे माप कोणी घेतले नाही. घड्याळाने तिचा वेग मोजला.

देह हे भिंतीवर टांगण्याचे चित्र नव्हे. ज्या पायांनी डोंगर चढता येतो, ज्या हातांनी कोणाला आधार देता येतो, त्यांचे मोल काचेवरच्या चित्राने ठरत नाही. वारली सुवासिनींना हे फार पूर्वीच उमगले होते.

स्वाध्याय

१. वारली चित्रातील स्त्री व फोनवरील चित्रातील स्त्री यांत कोणता फरक आहे?
२. फोनवरील चित्रे खरी का मानू नयेत? तीन कारणे लिहा.
३. ‘घड्याळाने तिचा वेग मोजला’ या वाक्यातून काय सुचविले आहे?
४. तुमच्या गावातील कष्टाळू स्त्रीच्या कामाचे दहा ओळींत वर्णन करा.