सोमल पकडला कोणी?

प्रश्न : जुन्या कादंबऱ्यांत दुधातून सोमल घालून माणूस मारतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. खरंच हे इतकं सोपं होतं का? मग सोमल ओळखायची युक्ती काढली कोणी? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : सोपंच होतं. पांढऱ्या सोमलाला वास नाही, चव जवळजवळ नाही. पोटात गेला की उलट्या-जुलाब सुरू. डॉक्टर पटकी म्हणून मोकळे होत.

युक्ती काढली जेम्स मार्श या इंग्रज रसायनतज्ज्ञानं. तो वुलिचच्या सरकारी शस्त्रागारात कामाला होता. 1830च्या दशकात कॉफीतून विष देऊन आजोबांना मारल्याचा खटला एका नातवावर चालला. मार्शनं जुन्या पद्धतीनं सोमलाचा पिवळा साका मिळवला. पण ज्युरींपुढे ठेवेपर्यंत तो बिघडला आणि नातू सुटला. हे मार्शच्या मनाला लागलं. 1836मध्ये त्यानं टिकणारा पुरावा देणारी चाचणी प्रसिद्ध केली.

बाटलीत जस्त आणि गंधकाम्ल घातलं की हायड्रोजन निघतो. त्यात संशयित अन्न टाकलं आणि अन्नात सोमल असला, तर आर्सिन वायू तयार होतो. तो बारीक नळीच्या तोंडाशी पेटवून ज्योतीत थंड चिनीमातीची बशी धरायची. बशीवर काळसर, चकचकीत डाग उमटतो. मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा सोमलही त्यात पकडला जाई.

मेख अशी, की जस्तातच सोमलाचा अंश असू शकतो. 1840मध्ये फ्रान्समधल्या त्यूल गावी नवऱ्याला विष दिल्याबद्दल मारी लाफार्जवर खटला चालला. स्थानिक तज्ज्ञांना खाण्याच्या पदार्थांत सोमल मिळाला, मृतदेहात मिळेना. तेव्हा विषविद्येवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या मात्यू ऑर्फिलाला पॅरिसहून बोलावलं. त्यानं तीच चाचणी पुन्हा केली आणि मृतदेहात सोमल दाखवला. तो आपल्या रसायनांतून किंवा कबरीभोवतीच्या मातीतून आलेला नाही, हेही तपासून सांगितलं. मारीला जन्मठेप झाली. निकालावर फ्रान्समध्ये पुढे बराच वाद झाला.

तेव्हा सोमल पकडायचं श्रेय मार्शचंच. पण डाग आपल्याच बाटलीतून आलेला नाही, याची खात्री केल्याशिवाय कोर्टात बोलू नये, हा धडा ऑर्फिलाचा. प्रयोगशाळेच्या अहवालाला आजही वजन येतं ते या खातरजमेमुळे.