अक्षरांची कोडी आणि म्हणींचा अर्थ

शब्दकोड्यांचा तास सुरू झाला की एरवी बोलण्यास न धजणारे मूलही हात वर करते, असा आम्हा शिक्षकांचा अनुभव आहे. पालकांना घरीही ही कोडी घेता यावीत, म्हणून त्यांची रीत येथे मांडत आहोत.

मराठी कोड्यात काना, मात्रा, वेलांटी आपापल्या अक्षराला धरूनच जागा बदलतात. म्हणून ‘मका’ या शब्दाचे ‘काम’ होते, ‘लता’चा ‘ताल’ होतो आणि ‘नदी’चा ‘दीन’. येथे ऱ्हस्व ‘दिन’ लिहिल्यास गरिबाऐवजी दिवस उभा राहतो. शुद्धलेखनाचा धडा असा आपोआप मिळतो. तीन अक्षरांत ‘कमल-कलम’, ‘मगर-गरम’ अशा जोड्या सापडतात. जोडाक्षर फोडू नये, हा दुसरा नियम.

शब्दांनंतर म्हणी घ्याव्यात. ‘खा, चे, ग, र, ली, र्वा, घ’ ही अक्षरे पाहा. रफाराचे अक्षर शब्दाच्या आरंभी येत नाही, एवढे ध्यानात घेतले की ‘गर्वाचे घर खाली’ लवकर उलगडते.

आता ‘चे, त, थें, सा, बे, ळे, बे, थें’. उत्तर सर्वांना ठाऊक आहे : ‘थेंबे थेंबे तळे साचे’. परंतु इतिहासाचे अध्यापक म्हणून आम्ही येथे थांबत नाही. साचलेल्या तळ्याचे पाणी कोणाला मिळाले, असे विचारतो. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये आला. हक्कसुद्धा थेंबाथेंबानेच साचला.

काही म्हणी मात्र कोड्यात घालू नयेत. ‘कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच’ ही म्हण व्यक्तीची वाट तिच्या जातीच्या धंद्यावरून ठरवते. खेळता खेळता पाठ झालेली गोष्ट मूल खरी मानू लागते. आणि ज्याच्या जातीचे नाव म्हणीत येते, ते मूल वर्गात मान खाली घालते. अशा म्हणी लपवूही नयेत. मोठ्या वर्गात त्या जुन्या समाजाचा पुरावा म्हणून वाचाव्यात आणि प्रत्येकीला तीन प्रश्न विचारावेत : ही म्हण कोणी म्हटली? कोणाविषयी? त्यात लाभ कोणाचा?

आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी शेवटचे कोडे : ‘भ, वे, रा, त, क, से, वे, रा’. आठ अक्षरे, तीन शब्द. आपल्या मुलांसोबत सोडवावे आणि उत्तर मिळाल्यावर तेच तीन प्रश्न या म्हणीलाही विचारावेत.