ड्रोन हातात झेलायचा का?

ताईंनो, सध्या मोबाईलवर असे व्हिडिओ खूप फिरतात, ज्यात कोणीतरी उडता ड्रोन अलगद हातात झेलतो. ते पाहून बैठकीत हमखास प्रश्न येतो, "मॅडम, गटाचा ड्रोन पण असा धरता येईल का?" आधी उत्तर सांगते, मग कारण. फवारणीचा ड्रोन हाताने कधीच धरायचा नाही. टाकी रिकामी असली तरी नाही, चिखल असला तरी नाही. कॅमेऱ्याचा लहान ड्रोन धरता येतो, पण त्याची रीत आहे. ती माहीत नसेल तर तोही जमिनीवरच उतरवायचा.

दोन्हींना आपण ड्रोनच म्हणतो, पण वजनात फार फरक आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत वजनावरून वर्ग केले आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, आणि २ ते २५ किलो स्मॉल. नमो ड्रोन दीदी योजनेतून गटांना मिळणारा १० लिटर टाकीचा ड्रोन साधारण या तिसऱ्या वर्गात येतो. १० लिटर औषध म्हणजेच जवळपास १० किलो, वर बॅटरी आणि सांगाडा. एवढं वजन उचलणारी पाती किती जोरात फिरत असतील याचा अंदाज तुम्हीच करा. शिवाय सांगाड्यावर औषधाचे थेंब बसलेले असतात ते वेगळेच.

आता लहान ड्रोन. पिकाचे फोटो काढायला किंवा सरावाला तो वापरतात. जमिनीवर उतरवला की धूळ, काडीकचरा मोटारीत जातो, किंवा भातखाचरात उतरायला कोरडी जागाच नसते. अशा वेळी हातात घेण्याचा उपयोग आहे. काही लहान मॉडेलना पात्यांभोवती जाळी असते आणि तळहातावर उतरण्याची सोय कंपनीनेच दिलेली असते. तुमच्या ड्रोनच्या पुस्तिकेत तसं लिहिलंय का ते आधी बघा. जाळी नसेल, धरायला पाय नसतील आणि पाती अंगाला लागूनच असतील, तर माझं मत स्पष्ट आहे, धरू नका.

धरायला दोघी लागतात. एक रिमोटवर, दुसरी धरायला. एकटीने एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात ड्रोन, हे व्हिडिओत सोपं दिसतं, पण नवशिकीने करू नये. धरणारीने पदर किंवा ओढणी कमरेला घट्ट खोचायची, वेणी मागे बांधायची, बांगड्या काढायच्या, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत घ्यायचं. डोळ्यांवर साधा गॉगल चालेल. पोरं जवळ असतील तर आधी त्यांना लांब पाठवा, कारण ड्रोन खाली येताना दिसला की ती पळतच येतात.

पायलट ताईने ड्रोन धरणारीच्या डोक्यापेक्षा थोडा उंच आणि एक हात पुढे आणून स्थिर ठेवायचा. ड्रोन हलत असेल, वारा असेल, तर धरायचंच नाही. स्थिर झाल्यावर पायलटने मोठ्याने "धर" म्हणायचं, त्याआधी हात पुढे करायचा नाही. हात खालून न्यायचा, बाजूने किंवा वरून नाही. चेहरा दुसरीकडे वळवलेला आणि हात लांब. पाय किंवा पोटाचा मधला भाग घट्ट धरायचा, बोटं पात्यांच्या रेषेच्या खालीच ठेवायची.

इथे बऱ्याच जणी गोंधळतात. हात खाली गेला की ड्रोन वर सरकतो किंवा अडून राहतो. खाली बघणाऱ्या सेन्सरला तुमचा हात अडथळा वाटतो, म्हणून. त्याच्या मागे हात उंचावत, टाचा वर करत जायचं नाही. हात काढून घ्या, पायलट पुन्हा स्थिर करेल.

धरल्यावर ड्रोन सरळच ठेवायचा. खाली ओढला किंवा तिरका केला तर त्याला वाटतं आपण पडतोय, आणि तो सावरायला मोटारी आणखी जोरात फिरवतो. बोटं कापण्याची भीती याच क्षणी जास्त असते. "धरला" म्हटलं की पायलटने वर-खाली करणारी स्टिक (बहुतेक रिमोटवर डावी) पूर्ण खाली ओढून तशीच दाबून ठेवायची. काही सेकंदांत मोटारी बंद होतात. पाती पूर्ण थांबेपर्यंत पकड सैल करायची नाही.

अनेक रिमोटवर दोन्ही स्टिक खाली आणि आतल्या बाजूला ओढल्या की मोटारी लगेच बंद होतात. हा उपाय हवेत वापरला तर ड्रोन दगडासारखा खाली येतो. तो आवरतच नसेल आणि खाली कोणी नसेल, तेव्हाचीच ही गोष्ट. तुमच्या मॉडेलला हे कसं लागू होतं ते प्रशिक्षकाकडून विचारून घ्या, कारण कंपनीप्रमाणे फरक असतो.

फवारणीच्या ड्रोनला उतरायला ताडपत्री पसरा आणि चारही कडांवर दगड ठेवा, नाहीतर पात्यांच्या वाऱ्याने ताडपत्रीच उडून पात्यांत जाईल. याच कारणाने गोणपाट नको. ड्रोन टेकला तरी सहायक ताईने लगेच धावायचं नाही. मोटारी थांबल्या, रिमोटवर लॉक दिसलं आणि पायलटने "बंद" म्हटलं की मगच जवळ जायचं. आधी ड्रोनची बॅटरी बंद, रिमोट शेवटी. टाकीला हात लावताना हातमोजे घाला. ड्रोन पिकात उतरला किंवा पडला तर पडू द्या, त्याखाली हात देऊ नका.

सराव करायचा असेल तर बॅटरी काढून ठेवा आणि दोघींनी "धर", "धरला", "बंद" हे शब्द म्हणत दहा वेळा करून बघा. चुकून कापलंच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा, रक्त थांबलं नाही तर दवाखान्यात न्या, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल तिथे विचारा.