नादाची ठेव

गायकाच्या मुखातून निघालेला स्वर क्षणात हवेत विरून जातो. तो धरून ठेवावा, ही मनुष्याची फार जुनी इच्छा. इ. स. १८७७ मध्ये एडिसन याने फोनोग्राफ तयार केला आणि ती इच्छा सफळ झाली. पुढे १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले. त्या काळी स्वर मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. यंत्र, तंत्रज्ञ व मोठा खर्च यांवाचून हे काम होत नसे. आज एक संगणक, एक मायक्रोफोन व एक आज्ञावली एवढ्या सामग्रीवर ते घरच्या खोलीत होते. साधने सुलभ झाली. परंतु केलेले मुद्रण जपून ठेवण्याची जबाबदारीही मुद्रण करणाऱ्यावरच येऊन पडली.

समजा, एखाद्या मुलाने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या. नंतर त्यांना तंबोऱ्याची साथ दिली. येथे दोन गोष्टी निर्माण झाल्या. एक म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी, आणि दुसरी म्हणजे त्या ध्वनींची मांडणी: कोणता स्वर केव्हा सुरू व्हावा, कोणता मोठा व कोणता मंद असावा, याची नोंद. अनेक आज्ञावल्यांत ही नोंद प्रकल्पाच्या फाइलीत असते व ध्वनी मात्र निराळ्या फाइलींत असतात. ग्रंथालयाच्या नोंदवहीत पुस्तकाचे नाव व कपाटाचा क्रमांक असतो, पुस्तक नसते. तसेच हे आहे. पुस्तक दुसऱ्या कपाटात हलविले, तर नोंदवही खरी असूनही निरुपयोगी ठरते.

‘ऑडॅसिटी’ या प्रसिद्ध आज्ञावलीचे उदाहरण बोधप्रद आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली तिच्या रचनेस आरंभ झाला व २००० साली ती लोकांस मोफत मिळू लागली. २०२१ पर्यंत तिच्या प्रकल्पाचे दोन भाग असत: एक लहानशी फाइल आणि तिच्या शेजारी ध्वनीच्या तुकड्यांनी भरलेला एक फोल्डर. केवळ लहान फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकाकडे गेल्यास तेथे गाणे उघडत नसे. कारण ध्वनी घरीच राहिलेला असे. २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून दोन्ही भाग एकाच फाइलीत साठविले जाऊ लागले. तथापि ‘रीपर’सारख्या आज्ञावल्यांत मांडणी व ध्वनी आजही वेगळेच असतात.

म्हणून काही नियम पाळणे हिताचे ठरते. मुद्रण सुरू करण्यापूर्वीच प्रत्येक गाण्यासाठी स्वतंत्र फोल्डर करावा व प्रकल्प त्यातच जतन करावा. ‘नवीन १’, ‘नवीन २’ अशी नावे देऊ नयेत. गाण्याचे नाव व दिनांक लिहावा. बाहेरून आणलेला ध्वनी आधी त्याच फोल्डरात उतरवून मग वापरावा. एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यावयाचे झाल्यास संपूर्ण फोल्डर न्यावा.

जागेचाही विचार हवा. सीडीच्या दर्जाच्या दुपदरी ध्वनीस सेकंदाला १,७६,४०० बाइट, म्हणजे मिनिटास १,०५,८४,००० बाइट लागतात. शिवाय प्रत्येक वाद्याची पट्टी निराळी असते. जागा वाचविण्यासाठी कित्येक जण शेवटी एमपी-३ ची एकच फाइल ठेवतात व प्रकल्प पुसून टाकतात. परंतु त्या फाइलीत सर्व पट्ट्या एकजीव झालेल्या असतात. कालवलेल्या भातातून वरण जसे वेगळे काढता येत नाही, तसा आजीचा स्वर तंबोऱ्यापासून पुन्हा मूळ रूपात वेगळा काढता येत नाही.

इतके करूनही एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू सुरक्षित नसते. १ जून २००८ रोजी हॉलिवुडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली व तेथे साठविलेल्या अनेक मूळ ध्वनिफिती जळून गेल्या. मोठ्या संस्थेची ही गत, तर घरच्या एका डिस्कचा भरवसा कोणी धरावा? महत्त्वाच्या मुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, असे जाणते लोक सांगतात. प्रत केल्यावर ती उघडून, ऐकून पाहावी; न तपासलेली प्रत ही प्रत नव्हेच.

गाणे पुन्हा गाता येते; पण गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा मिळत नाही. ज्या घरात आजीच्या ओव्या नीट जपल्या जातील, त्या घरातील नातवंडांच्या मुलांनाही तिचा आवाज ऐकू येईल. व्यवस्थितपणा हा केवळ टापटिपीचा गुण नव्हे. तो प्रेमाचाही एक प्रकार होय.

स्वाध्याय
१. प्रकल्पाची फाइल व ग्रंथालयाची नोंदवही यांतील साम्य स्पष्ट करा.
२. केवळ एमपी-३ फाइल ठेवल्याने कोणते नुकसान होते?
३. ‘व्यवस्थितपणा हा प्रेमाचाही एक प्रकार होय’ या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.