चैत्रातला पाऊस, कडेवरचं बाळ आणि सोनाळा

परदेशातल्या मराठी घरात बाळ जन्माला आलं की त्याची पहिली भारतवारी बरेचदा मार्च-एप्रिलमध्ये ठरते. तिकडे ईस्टरची सुट्टी जोडून घेता येते, आणि इकडे आजी-आजोबांना आणखी थांबवत नाही. ज्यांचं आजोळ संग्रामपूर, तेल्हारा, अकोट या पट्ट्यात आहे त्यांच्या मनात मग येतंच की आलोच आहोत तर दोन दिवस सातपुड्याच्या पायथ्याशी काढावेत, सोनाळ्याला जावं, जंगलाचा वारा बाळाला लागू द्यावा. जावं का? जरूर जावं, पण घड्याळ बांधून. चैत्रात बाळाला घेऊन केलेली भटकंती दुपारी बाराच्या आत घरी परतलेली असली पाहिजे. पुढचं सगळं याच एका नियमाभोवती आहे.

सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्याचं उत्तरेचं गाव. दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरत गेलेली काळी सपाट जमीन, उत्तरेला एकदम उभा राहिलेला सातपुडा. गावाचं दैवत संत सोनाजी महाराज. मंदिर पंचक्रोशीत मानाचं, आणि बाळाला पायावर घालायला आजी आधी तिथेच नेणार, तेव्हा पहिली सकाळ त्यासाठीच ठेवा. गावामागच्या डोंगरात अंबाबरवा अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं हे जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वाघ, बिबट्या, अस्वल, रानगवा, चौशिंगा असे सगळे मानकरी इथे आहेत.

मुंबईकडून येणाऱ्यांनी रात्रीची विदर्भ एक्सप्रेस धरून शेगावला उतरावं. तिथून वरवट बकालमार्गे सोनाळा चाळीस-पन्नास किलोमीटर आहे, बाळासोबत दीड तास धरा. समृद्धी महामार्गाने आलात तर मेहकरला उतरून खामगाव, शेगाव असं यावं लागतं. कार सीट मात्र परदेशातून आणा. भाड्याच्या गाडीत ती मिळत नाही, आणि ‘इथे कोण वापरतं’ हा काकांचा युक्तिवाद हसून कानाआड करायचा. गाडी ठरवतानाच मागच्या सीटचे पट्टे चालू आहेत का ते विचारा. बऱ्याच गाड्यांत ते सीट कव्हरखाली गाडलेले असतात.

आता पावसाबद्दल. युरोपात वसंतातला पाऊस म्हणजे दिवसभराची भुरभुर. बाबागाडीवर प्लास्टिकचं कव्हर चढवून माणसं त्यात खुशाल फिरतात. ती सवय विमानतळावरच सोडून या. विदर्भातला चैत्रातला पाऊस अवकाळी असतो आणि तो बहुतेक वेळा दुपारनंतर येतो. सकाळी आकाश धुतल्यासारखं असतं. दुपारपर्यंत पारा चाळिशीच्या आसपास जातो, जमीन तापते. त्यात बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा वरच्या कोरड्या वाऱ्यांना भेटली की तीन-चार तासांत ढगांचे डोंगर उभे राहतात. मग वावटळ, विजा आणि कधी गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने महाराष्ट्रभर रब्बी पिकं आणि फळबागा झोडपल्या होत्या, ते इथले शेतकरी अजून विसरलेले नाहीत.

हे सांगतोय ते घाबरवायला नाही. आडोसा कुठे घ्यायचा हे आधी ठरवून ठेवा, एवढंच. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस इथे ९ एप्रिल २०२३ ला वादळी पावसात जुनं कडुनिंबाचं झाड टिनाच्या शेडवर कोसळलं आणि शेडखाली थांबलेल्या सात जणांचा जीव गेला. आडोसा म्हणून माणसाला जे पहिलं दिसतं, मोठं झाड नाहीतर टिनाची शेड, नेमकं तेच टाळायचं. पक्क्या छताचं घर गाठा, ते नसेल तर काचा वर करून गाडीत बसा. गाडी झाडाखाली लावू नका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही गेले नाहीत, तर ती वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते इतकी जवळ आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप फोनवर असू द्या, आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा सकाळी चहाबरोबर बघा. डोंगरात रेंज जाते, म्हणून बघायचं ते निघण्याआधीच.

गारा पडल्या की पारा अर्ध्या तासात दहा-पंधरा अंशांनी खाली येतो. मोठ्या माणसांना बरं वाटतं, पण घामाने भिजलेलं बाळ काकडतं. त्यासाठी फार सामान लागत नाही. सुती कपड्यांचे दोन जोड, एक धडपा आणि टोपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत वेगळं ठेवलं की झालं. परदेशातले महागडे रेनसूट इथे कुचकामाचे. त्यात वारा खेळत नाही आणि बाळ आतल्या आत उकडून निघतं. कांगारू बॅगचंही तेच. उन्हात तुमच्या अंगाची ऊब आणि बाळाची ऊब एकत्र होते, म्हणून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ त्यात ठेवू नका, बाळाचा चेहरा मोकळा ठेवा आणि मान भिजली की बाहेर काढा. बाबागाडी इथल्या वाटांवर चालत नाही, ती शेगावातच राहू द्या. कडेवर घ्यायला घरात माणसं कमी नसतात.

जेट लॅगचा हिशेबही भटकंतीत धरावा लागतो, आणि तो कुठून आलात यावर ठरतो. ब्रिटनमधून आलेलं बाळ पहिले काही दिवस मध्यरात्रीपर्यंत जागतं आणि सकाळी दहा-अकरापर्यंत झोपतं. अशा बाळाला पहाटे साडेपाचला उचलून जंगलात नेणं म्हणजे दिवसभराचं रडं विकत घेणं. सिंगापूरकडचं बाळ उलट साडेतीन-चारलाच खेळायला लागतं, त्याला पहाटेची वारी मानवते. अमेरिकेतून आलेल्यांनी दिवस-रात्र जागेवर येईपर्यंत घर सोडू नये, निदान आठवडाभर तरी.

पाण्याच्या बाबतीत मात्र थोडीही तडजोड नको. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा, म्हणजे खारट भूजलाचा पट्टा, पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतली कित्येक गावं त्यात येतात, आणि या भागातल्या मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. वान धरणाच्या पाण्यावर नळयोजना झाल्या त्या याच कारणाने. बाळासाठी यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची: उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत, उलट पाणी आटलं की ते दाट होतात. वाटेतल्या बोअरच्या किंवा हातपंपाच्या पाण्यात पावडरचं दूध कालवू नका, उकळूनही नाही. सीलबंद बाटलीतलं कमी क्षारांचं पाणी घ्या, तेही उकळा आणि ७० अंशांच्या खाली जायच्या आत त्यात पावडर घाला, मग कोमट करून पाजा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असेल तर कितीही ऊन असलं तरी त्याला वरचं पाणी लागत नाही. जास्त वेळा पाजा, आणि आईला पाणी द्या. आजी म्हणेलच, ‘अवो, लेकराचा घसा सुकते ना, दोन चमचे पाणी द्या.’ आजीशी वाद घालू नका, बाळ आईकडे द्या.

आजीची आणखी एक हौस आवरायची. मध चाटवायचा नाही, वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही. जंगलातला ताजा मध असला तरी नाही, त्यातल्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला बोटुलिझम होऊ शकतो. वरचं खायला लागलेल्या बाळासाठी मुगाची मऊ खिचडी, वरणभाताचा गुरगुट्या आणि पायथ्याच्या बागांतली केळी, इतकं पुरे. रोडगे, वांग्याची भाजी आणि ठेचा आईबापांसाठी.

आता बघायचं काय ते. पहिला मान वारी हनुमानला. वान नदी सातपुड्यातून बाहेर पडते तिथे हे देवस्थान आहे, आणि वर हनुमान सागर, म्हणजेच वान धरण, आहे. सकाळी सातच्या आत पोचलात तर नदीकाठची सावली, माकडं आणि थंड खडक सगळं तुमचंच. शनिवारी आणि हनुमान जयंतीच्या सुमारास जाऊ नका, बाळाला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. माकडांसमोर बाळाच्या हातात केळं देऊ नका. नदीत उतरू नका. वानचे डोह वरून शांत दिसतात पण खोल आहेत, त्यांत माणसं बुडाली आहेत, आणि वर डोंगरात पाऊस झाला असेल तर इथे ऊन असतानाही पाणी वाढतं.

जंगल सफारीबद्दल माझं मत अनेकांना आवडणार नाही. अंबाबरव्याच्या सफारीला वसालीहून जाता येतं, नोंदणी आधी करावी लागते. पण दोन वर्षांच्या आतलं मूल उघड्या जिप्सीत नेऊ नये असं मला वाटतं. तीन-चार तास धूळ आणि गचके, वर शांत बसायची सक्ती. बाळ रडलं की तुमचाही विरस आणि बाकीच्यांचाही. त्यापेक्षा आई-बाबांनी पाळी लावावी. एक दिवस एकाने जावं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने, आणि बाळ आजीच्या झोळीत झोपू द्यावं. शिवाय या दिवसांत सागाची पानं गळालेली असतात. परदेशातून येणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हिरवंगार रान असतं, आणि इथे मिळतात उघडी खोडं, तांबडी धूळ आणि डोक्यावर थेट ऊन. जनावरं पाणवठ्यावर येतात म्हणून जाणकारांना हाच मोसम आवडतो, पण बाळाला त्याचं काय?

बाळाला चालेल अशी दुसरी जागा नरनाळा किल्ला. हिवरखेड, अकोट करत शहानूरला जायचं, तिथे वनखात्याचा प्रवेश घ्यायचा, आणि गाडी घाटाने थेट वर जाते. चढायचं काही नाही. महाकाली दरवाजावरचं नक्षीकाम आणि कोरलेले लेख पंधराव्या शतकाच्या अखेरचे आहेत. दरवाजाखालच्या सावलीत बाळाला पाजायला निवांत जागा मिळते. पुढे शक्कर तलाव, नऊगजी तोफ, राणीमहाल. सगळं बघायचा हट्ट नको, दरवाजा आणि तलाव झाला की परत फिरा. डोंगरमाथ्यावर वीज आधी येते, आणि बाराच्या आत घरी पोचायचं आहे, म्हणून दहालाच उतरायला लागलेलं बरं. सोनाळ्याहून जायला-यायला मिळून तीन-चार तास जातात, तेव्हा पहाटे उठणारं बाळ असेल तरच हा बेत करा.

पायी फिरायचं तर जंगलात नाही, शेताच्या बांधांवर. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय पायी फिरणं बेकायदा आहे. संत्र्याच्या बागांतून सकाळचा अर्धा तास सुरेख जातो. मात्र याच दिवसांत मोहाची फुलं गळतात, माणसं ती वेचायला पहाटे जातात आणि अस्वलंही जातात. रानाच्या कडेच्या मोहाखाली अंधारात किंवा झुंजूमुंजू असताना थांबू नका. गावातला कुणी ‘तिकडं नका जाऊ बाप्पा’ म्हणाला तर का म्हणून विचारत बसू नका.

डास आणि ऊन यांची तयारी सोपी आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डासांचं मलम लावायचं नाही, पाळण्यावर मच्छरदाणी पुरे. निलगिरी-लिंबाच्या तेलाची मलमं तीन वर्षांपर्यंत नकोत. सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीनपेक्षा सावली आणि लांब बाह्यांचा सुती अंगरखा बरा. लसींचं मात्र निघण्याआधी महिना-दीड महिना तिकडच्या डॉक्टरांना विचारा. भारतात गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, बऱ्याच देशांत वर्षाच्या सुमारास. परदेश प्रवास असेल तर सहा महिन्यांनंतर गोवराचा एक डोस आधीच देता येतो. बाळाचा पासपोर्ट परदेशी असेल तर ओसीआय किंवा व्हिसा आणि मूळ पासपोर्ट सोबत ठेवा, निवासाला आणि वनखात्याच्या फाटकावर ते मागतात.

आजारपणाचा बेतही घरूनच करून निघा. वरवट बकालला ग्रामीण रुग्णालय आहे, पण बालरोगतज्ज्ञ शेगाव, अकोट किंवा खामगावला गाठावे लागतात, आणि गंभीर असेल तर अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. ओआरएसच्या पुड्या दोन मापांच्या मिळतात, काही एक लिटरच्या, काही २०० मिलिलिटरच्या. पुडीवरचं माप वाचा आणि पूर्ण पुडी पूर्ण पाण्यात घाला, अंदाजाने चिमूटभर नाही.

आणि दुपारी दोनला खरंच आभाळ भरून आलंच तर? तुम्ही घरीच असाल. गाडी झाडाखालून काढा, वाळवण आणि कपडे आत घ्या, फोन चार्जिंगवरून काढून ठेवा. वीज हमखास जाते, म्हणून बाळासाठी उकळलेलं पाणी आधीच थर्मासमध्ये भरून ठेवा. संध्याकाळी पाऊस थांबला तरी वारीकडे किंवा नाले ओलांडून कुठे जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी धूळ बसलेली असते, हवा गार असते आणि दूरचा डोंगर स्वच्छ दिसतो. जायचंच असेल तर तेव्हा जा, मात्र निघण्याआधी वानला पाणी किती आहे ते गावात विचारून घ्या.