शब्दाचा धडा : उसने

घरातले पीठ संपले आणि पाहुणे दारात आले. मग आपण शेजारी जातो व म्हणतो, "काकू, दोन वाट्या पीठ उसनं द्या. उद्या दळण आलं, की आणून देते."

बोलताना आपण 'उसनं' म्हणतो. लिहिताना 'उसने' असे लिहावे.

जी वस्तू वापरून संपते, ती घ्यायची व तेवढीच परत द्यायची. याला उसने म्हणतात. त्यावर व्याज नसते.

मोठ्याने वाचा :

गूळ उसना आणला.
साखर उसनी आणली.
पीठ उसने आणले.

शेजाऱ्याची कुऱ्हाड आणली, लाकडे फोडली, तीच कुऱ्हाड परत दिली. ती 'उसनी' नव्हे. ती 'मागून आणली'.

दुकानातून तेल आणले. पैसे नंतर द्यायचे. ते तेल 'उधार' आणले.

विहिरीसाठी सोसायटीकडून पैसे घेतले. मुदत ठरली, व्याज ठरले. ते 'कर्ज' झाले.

अडीनडीला भावाकडून बिनव्याजी पैसे घेतले. ते 'हातउसने'.

हा फरक ध्यानात ठेवा. समोरचा माणूस तोंडाने 'हातउसने' म्हणेल आणि कागदावर 'कर्ज, व्याजासह' असे लिहील. ज्याला वाचता येत नाही, तो तिथेच फसतो.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. त्या काळी बहुतेक शेतकऱ्यांना आपल्याच रोख्यावर काय लिहिले आहे, ते वाचता येत नव्हते. आता महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी करता येत नाही. कायदा आहे खरा, पण कागद वाचणे आपल्याच हाती आहे.

सही करण्यापूर्वी तीन गोष्टी वाचा. रक्कम किती? व्याज किती? मुदत किती? कोऱ्या कागदावर सही करू नका. अंगठाही देऊ नका.

सराव

गाळलेल्या जागी योग्य शब्द लिहा : उसनी, उधार, कर्ज, मागून

१. शेजारणीकडून वाटीभर डाळ ........ आणली.
२. दुकानातून साबण ........ आणला. पैसे शनिवारी देईन.
३. बैलजोडीसाठी बँकेचे ........ काढले.
४. मामांची शिडी ........ आणली.

तुमच्या घरात कोणाचे काही उसने आले आहे का? त्याचे एक वाक्य वहीत लिहा. ते परत दिले, की पुढे तारीख घाला.